पाण्यावरचा आरोप मागे घेताना

प्रथम तारखा सांगतो, आणि त्या त्या तारखेस कोण जबाबदार होते तेही सांगतो.

सन २००२, जानेवारीअखेरचा रविवार. आमच्या तालुक्याच्या गावी मोफत नेत्रशिबिर झाले. जबाबदार: व्यासपीठावर हार घालून बसलेले सर्वजण, आणि त्यांतही संयोजक, कारण माइक त्यांच्या हातात होता.

त्याच वर्षीचा फेब्रुवारीअखेरचा रविवार. फेरतपासणी, जी झाली नाही. जबाबदार: संयोजक, एकटे.

मार्च ते सप्टेंबर. ही एक तारीख नव्हे, सात महिन्यांतली प्रत्येक तारीख आहे, आणि प्रत्येक तारखेस चार वेळा. जबाबदार: कागद न पाहता औषधाच्या बाटल्या देत राहिलेला दुकानदार, आणि मी.

जुलैतला एक मंगळवार. त्या दिवशी मी हिंगोलीहून माशांच्या टाकीसाठी दुसरा फिल्टर आणला. जबाबदार: मी.

ऑक्टोबर, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातला सोमवार. नांदेडच्या डॉक्टरांनी निदान सांगितले. त्या दिवसापुरते कोणी जबाबदार नाही. त्या माणसाने खरे सांगितले.

या तारखांच्या दरम्यान माझ्या पत्नीची दृष्टी गेली. तिचा डावा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेला होता. उजवा एकच होता. तो या तारखांत गेला.

मी तालुक्याच्या न्यायालयात तीस वर्षे लिपिक होतो. वकील नव्हतो, पण वकिलांच्या अर्जांतल्या चुका मी दाखवत असे आणि ते निमूटपणे दुरुस्त करीत. निवृत्तीनंतर माझ्याकडे वेळ, टंकलेखन यंत्र आणि कार्बन कागद उरले. लोक म्हणत, हा म्हातारा पत्र लिहिल्याशिवाय जेवत नाही. त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. प्रत्येक पत्राची स्थळप्रत मी जपून ठेवली आहे, आणि आज त्या प्रती समोर ठेवूनच हे लिहितो आहे. त्या वाचताना मला कोणाचाही आला नाही इतका राग त्या पत्रांखाली सही करणाऱ्याचा येतो.

आमच्या घरात नजरेचा निकाल तिच्याकडून लागे. मला तिशीतच चष्मा लागला. ती एका डोळ्यावर सगळे घर चालवी. मी निवडलेल्या तांदळात ती पुन्हा चार खडे काढून माझ्या तळहातावर ठेवी आणि आत जाई. न्यायालयातून मी घरी आणलेल्या नकला ती दिव्याखाली धरी. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे, मजकूर तिला कळत नसे, पण कुठे ओळ वाकडी गेली आणि कुठे शाई फिकी पडली हे ती सांगे, आणि ते बरोबर निघे. त्यामुळे वस्तू मला एक दिसली आणि तिला दुसरी, तर चूक माझ्या डोळ्यांची, हा आमच्या संसाराचा अलिखित नियम होता. चाळीस वर्षांत मला तो मोडावा लागला नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरू लागला. खडे आता मी काढू लागलो आणि ती चावताना पकडू लागली. २००२ च्या जानेवारीत शिबिराची जाहिरात लागली तेव्हा मीच तिचे नाव नोंदवले. शस्त्रक्रियेसाठी रुग्णांना सोबतच्या माणसासह बसने रुग्णालयात नेले आणि तिसऱ्या दिवशी आणून सोडले. पट्टी निघाली त्या सकाळी ती माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली.

"अहो, तुमी तर पार म्हातारे झाले की," ती म्हणाली.

"तुला आत्ता कळलं?"

"कोन सांगनार मला? आरसा तुमाला दिसतो, मला न्हाई."

म्हणजे शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण ज्या सर्जनने ती केली त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

शिबिराने प्रत्येक रुग्णाला एक पिवळे कार्ड दिले होते. त्यावर छापले होते: "पुढील तपासणी एक महिन्याने, याच ठिकाणी. तोपर्यंत थेंब दिवसातून चार वेळा नियमित टाकावेत. स्वतःच्या मनाने बंद करू नयेत." समारोपात संयोजकांनी हीच वाक्ये माइकवरून वाचून दाखवली आणि पुढे म्हणाले, "आम्ही तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

एक महिन्याने आम्ही शिबिर झाले होते त्याच मंगल कार्यालयाच्या फाटकाशी उभे राहिलो. ती काळ्या चष्म्यात, माझ्या हातात पिवळे कार्ड. आत सनई वाजत होती. फाटकावर केळीचे खांब होते. डोक्याला फेटा बांधलेले एक गृहस्थ लगबगीने पुढे आले आणि त्यांनी माझा हात धरला.

"या, या. उशीर केला तुमी. मुलीकडचे का मुलाकडचे?"

"आम्ही डोळ्यांकडचे," मी म्हणालो. "आज इथे तपासणी आहे."

ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली. "अहो तपासणी कसली, आज माझ्या पुतणीचं लगीन हाय! डोळे-बिळे राहू द्या. काकूला सावलीत बसवा आन् जेवून जा."

मी तिथेच वाद सुरू करणार होतो. सभागृह कोणी दिले, कधी दिले, सूचना कोणी द्यायची होती. तिने माझी बाही ओढली. "आलोच हाओत तर अक्षता टाकून जाऊ. लोकाच्या लेकीच्या लग्नात भांडू नका." आम्ही अक्षता टाकल्या. पंगतीत बसलो. मला आजही आठवते की वरणात मीठ कमी होते आणि मी ते तिला सांगितले. माझ्या पत्नीच्या डोळ्याचा फैसला ज्या दिवशी व्हायचा, त्या दिवशी मी मिठाची तक्रार केली.

त्या संध्याकाळी मी संयोजकांना पत्र लिहिले. एकच पत्र. उत्तर आले नाही. इतरांना मी उत्तर येईपर्यंत स्मरणपत्रे पाठवीत असे. यांना पाठवले नाही, कारण तिला दिसत होते, आणि दिसणाऱ्या माणसाची तक्रार कशी लिहायची हे मला सुचले नाही. थेंब मात्र मी बंद केले नाहीत. कार्डावर लिहिले होते: पुढील तपासणीपर्यंत. पुढील तपासणी झालेली नव्हती. स्वतःच्या मनाने बंद करू नयेत असेही लिहिले होते. लेखी आदेश जोवर लेखी आदेशाने मागे घेतला जात नाही तोवर तो लागू असतो, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना समजावले होते. सकाळी सहा, दुपारी बारा, सायंकाळी सहा आणि झोपण्यापूर्वी. बाटली संपली की औषधाच्या दुकानात रिकामी बाटली दाखवायची, भरलेली मिळायची. दुकानदाराने एकदाही कागद मागितला नाही. उलट एकदा म्हणाला, "काका, तुमच्यासारखं नियमानं औषध घेणारं गिऱ्हाईक न्हाई बघा." मला बरे वाटले होते.

गुढीपाडव्याला पुण्यात राहणारा आमचा मुलगा आला तो काचेची टाकी घेऊन. अडीच फुटांची, चार सोनेरी मासे, आत स्पंजचा एक छोटा फिल्टर. "आईला आता दिसतंय तर काहीतरी बघायला पाहिजे," तो म्हणाला. टाकी बैठकीच्या खोलीत तिच्या खाटेसमोर ठेवली. एप्रिलमध्ये ती मला माशांच्या शेपटीतल्या शिरा मोजून दाखवी. एका माशाच्या कल्ल्याजवळ पांढरा ठिपका आहे हे तिने खाटेवरून ओळखले. मला तो चष्मा काचेला टेकवूनही सापडेना.

मेअखेरीस ती म्हणाली, "पानी जरा गढूळ झालंय का?"

मी पाहिले. मला स्वच्छ वाटले. मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. मग नियमाप्रमाणे मान्य केले: गढूळ झाले आहे.

आमच्या भागात हे मान्य करणे किती सोपे आहे, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. नळाला चार दिवसांनी पाणी येई. मृगानंतर त्याचा रंग चहासारखा होई. घागरीच्या तोंडाला फडके बांधल्याशिवाय कोणी पाणी भरत नसे. आमच्याकडे पोटात दुखले, केस गळले, डाळ शिजली नाही, तरी पहिला दोष पाण्याचा. पाणी गढूळ आहे असे म्हणणाऱ्या माणसाकडे पुरावा मागायची पद्धत नाही. आणि घरच्या आजारी बाईने ते म्हटले, तर पाहुणा काय म्हणणार? येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती विचारी, "पानी गढूळ दिसतंय ना हो?" आणि प्रत्येक जण टाकीकडे ओझरते पाहून सांगे, "व्हय, जरासं हायेच." एका सेवानिवृत्त गुरुजींनी तर गाळाची कारणेसुद्धा सांगितली. म्हातारीचे मन कशाला मोडायचे, एवढाच त्यांचा हेतू होता. तिच्या बाजूने साक्षीदारांची रांग लागली, आणि मी, ज्याला साक्षीची किंमत कळायला हवी होती, ती रांग मोजत बसलो.

मी टाकीतले चौथाई पाणी बदलले. पिंपात दोन दिवस ठेवून निवळलेले पाणी घातले. स्पंज धुतला. ती म्हणाली, "तसंच हाय." मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाला पहिले पत्र लिहिले. जिल्हा नवा होता. तालुक्याचे लोक हिंगोलीकडे बोट दाखवीत, हिंगोलीचे परभणीकडे. मी तिघांनाही लिहिले. ती म्हणाली, दिव्याभोवती रंगीत कडे दिसते, इंद्रधनुष्यासारखे. मी म्हणालो, विजेचा दाब कमी-जास्त होतो, त्याने. वीज कार्यालयाला पत्र लिहिले. तिने चहा कपाच्या बाहेर ओतला. मी म्हणालो, बशी लहान आहे. तिच्या कपाळात दुखू लागले. मी म्हणालो, टाकीकडे टक लावून बसतेस म्हणून. प्रत्येक लक्षणाला मी बाहेरचा आरोपी शोधून दिला, आणि आतला सोडून दिला.

टाकी आमच्या मुलाने येता येता हिंगोलीच्या एका दुकानातून घेतली होती. दुकानदार मुसलमान, घरचा धंदा तसबिरींना काच बसवण्याचा. त्यातूनच तो टाक्या बनवायला लागला होता. जुलैत मी बाटलीत टाकीतले पाणी भरून एस.टी.ने त्याच्याकडे गेलो. त्याने बाटली उजेडाकडे धरली. मग तिच्यामागे वर्तमानपत्र धरले.

"साहेब, हे पाणी तर एकदम बराबर हाय. मी याच्यातून सोन्याचा भाव वाचून राहिलो."

"घरी गढूळ दिसते."

"कुणाला?"

"घरात."

"तुमाला दिसतं का?"

"माझ्या दिसण्याचा प्रश्न नाही," मी म्हणालो. "वस्तू तुमची आहे. फिल्टर काम करीत नाही."

तो हसत म्हणाला, "मंग फिल्टर काहून घेता, साहेब? चष्मा घ्या."

मला ते उद्धटपणाचे वाटले. मी त्याला म्हणालो की चष्म्याचे दुकान तुमचे नाही, टाकीचे आहे, तेव्हा टाकीपुरते बोला. त्याचा चेहरा पडला. त्याने फळीवरून दुसऱ्या प्रकारचा फिल्टर काढला. हा टाकीच्या मागच्या काचेवर बाहेरून अडकवायचा. पाणी वर ओढून पांढऱ्या लोकरीच्या थरातून आणि कोळशाच्या पिशवीतून गाळतो आणि पन्हाळीसारखे परत टाकीत सोडतो. त्याने मला शांतपणे समजावले: जुना काढू नका, दोन्ही एकत्र चालवा. दोन्ही एका दिवशी धुवू नका. एक आज धुतला तर दुसरा पंधरवड्याने. नळाच्या पाण्याखाली धुवू नका, टाकीतलेच पाणी तसराळ्यात काढून त्यात पिळा. लोकर काळी दिसली तरी फेकायची घाई नको. पाणी निवळायला आठवडा लागेल. "जल्दी केली तर उलट होतं, साहेब."

हे सगळे मी तंतोतंत पाळले. मी सूचना पाळणारा माणूस आहे. इथेच माझा नाश आहे.

आठवडाभरात पाणी असे झाले की मलाही, माझ्या डोळ्यांनाही, त्यात शंका घ्यायला जागा उरली नाही. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे बारीक वार टाकीतून वाचता येत. कोळशाने पाण्यातली पिवळी झाकसुद्धा ओढून घेतली. मी तिला खाटेवर नीट बसवले आणि म्हणालो, "आता बघ."

तिने बराच वेळ पाहिले. मग माझा हात चाचपून धरला आणि समजूत घातल्यासारखी म्हणाली, "तुमी लई तरास घेतला. पर पहिल्याहून जास्तीच गढूळ हाय."

त्या वेळी मी काय करायला हवे होते हे आता कोणत्याही वाचकाला कळते. मी टंकलेखन यंत्राजवळ गेलो आणि दुकानदाराला सदोष वस्तू विकल्याबद्दल नोटीस लिहिली.

नोटीस मिळताच तो भला माणूस स्वतः आला. नवी लोकर, नवा कोळसा घेऊन, बसने. त्याने फिल्टर उघडून पाहिला, टाकीला चारही बाजूंनी डोळा लावला, आणि माझ्याकडे वळून काही बोलणार तोच ती खाटेवरून म्हणाली, "भाऊ, गढूळच हाय न्हाई?" तो तिच्याकडे पाहत राहिला. तिचा चेहरा टाकीकडे होता, पण टाकीच्या थोडा बाजूला. त्याला तेव्हा कळले असावे. तो हलकेच म्हणाला, "व्हय अम्मा, बघतो मी." दारात माझ्या कानाशी मात्र म्हणाला, "साहेब, नोटीस ठेवा माझ्यावर, तकलीफ न्हाई. पर अम्माला एकडाव डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या."

मी त्याला उत्तर दिले की तिच्या डोळ्यावर जानेवारीतच यशस्वी शस्त्रक्रिया झाली आहे आणि औषध नियमित चालू आहे. हे वाक्य मी अभिमानाने उच्चारले. मग बारा वाजले होते म्हणून आत जाऊन थेंब टाकले.

ते ऑगस्टमध्ये. सप्टेंबरमध्येही मी टाकत होतो.

आमच्याकडे जवळच्या तांड्यावरची एक बाई आठवड्यातून दोनदा भाजी घेऊन येई. पत्नीच्याच वयाची. पाटी उतरवायची, पाणी प्यायचे, दोन शब्द बोलायचे, मग पुढच्या गल्लीत. पोळा झाल्यावर बऱ्याच दिवसांनी ती आली आणि पाणी पिता पिता बैठकीच्या खोलीच्या उंबऱ्यात थबकली.

"बाई, टाकी कोरडी काहून ठेवली? मासे मरून जातीन ना!"

"कोरडी कुठली," पत्नी म्हणाली. "भरेल हाय. गढूळ हाय म्हनून तुला कळंना."

"गढूळ? मला तं पानीच दिसून न्हाई राहिलं. मासे हवेत लटकल्यावानी हायेत." ती पुढे गेली, टाकीत बोट घातले, आणि खळखळून हसली. "अगं माय! पानीच हाय की! काचंवानी हाय. असं पानी मी जल्मात न्हाई पाह्यलं."

पत्नी हसली नाही. भाजीवाली हसायची थांबली. तिने पदराला बोट पुसले, पाटीतून एक जुडी उचलली आणि खाटेसमोर धरली.

"बाई, ही कोनती भाजी?"

पत्नीने हात पुढे केला.

"न्हाई न्हाई, हात मागं घ्या. वास बी घेऊ नका. डोळ्यानं सांगा."

खोलीत फक्त मागच्या फिल्टरमधून पडणाऱ्या पाण्याचा आवाज होता. पत्नी मान एकदा इकडे, एकदा तिकडे करून पाहत होती. मग तिने अंदाज केला. "शेपू?"

भाजीवालीच्या हातात मेथी होती. तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत जे होते ते कोणत्याही न्यायाधीशाच्या नजरेत मी पाहिले नाही. "दादा," ती म्हणाली, "तुमी एवढे शिकेल-सवरेल. घरात बसून काय करून राहिले होते?"

  एकोणीस पत्रे लिहीत होतो, हे उत्तर खरे आहे, पण ते उत्तर नाही.

त्यानंतरही नांदेडला जायला मला तीन आठवडे लागले, कारण मी आधी शिबिराच्या संयोजकांकडून फेरतपासणीचे पत्र मिळवू पाहत होतो. कागदाशिवाय दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो तर शिबिराचा हक्क जाईल, असे मला वाटले. हे वाक्य मी खोडत नाही.

नांदेडच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्याचा दाब मोजला. पुन्हा मोजला. मग मला विचारले, थेंब कोणते? मी बाटली आणि पिवळे कार्ड अशा दोन्ही वस्तू अर्जासोबतच्या दस्तऐवजांसारख्या त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी बाटली वाचली.

"हे कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून. एकही वेळ चुकवलेली नाही."

त्यांनी कार्डही वाचले. मग म्हणाले की हे औषध दीड महिन्यात कमी करत बंद करायचे असते. जास्त दिवस टाकले तर काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो, आणि डोळ्यामागची नस मरते. हळूहळू मरते, धुके उतरावे तसे. एका फेरतपासणीत हे कळले असते. बाटली बदलली असती, एवढेच. आता दाब खाली आणता येईल. गेलेली नजर येणार नाही.

"म्हंजे पानी गढूळ नव्हतं," ती म्हणाली. डॉक्टरांना काही कळले नाही. मला कळले.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. वसमत मागे पडले. मग मी म्हणालो, "माझ्या हाताने झाले." ती म्हणाली, "डोळा मीच उघडा धरत होते की." तिने ते मला हलके वाटावे म्हणून म्हटले. मला ते आजतागायत हलके झालेले नाही. मी बसच्या त्या बाकावर स्वतःशी ठरवले की तिने मला माफ केले असले तरी तो निकाल मला मान्य नाही. तिच्या बाजूने मीच हा खटला लढवीन, माझ्याविरुद्धही.

घरी आलो तर दाराच्या फटीत पाकीट. पाणीपुरवठ्याचे उत्तर. नमुना तपासला असून पाण्यात गढूळपणा आढळून आला नाही. या प्रकरणातल्या माझ्या पत्रव्यवहारातले हे एकमेव उत्तर, आणि ते खरे होते. म्हणून इथे लेखी देतो: पाणीपुरवठा, वीज आणि हिंगोलीचा टाकीवाला यांच्यावरील या प्रकरणातले माझे सर्व आरोप मी बिनशर्त मागे घेतो. टाकीवाल्याची मी घरी जाऊन माफी मागितली. त्याने मला चहा पाजला आणि माशांची चौकशी केली. दुसरी कोणतीही गोष्ट त्याने मला बोलून दाखवली नाही, आणि तीच शिक्षा होती.

उरलेले आरोप कायम आहेत.

त्या हिवाळ्यात मी शिबिरातले इतर रुग्ण शोधायला निघालो. हट्टा गावच्या बाजारात एक सत्तरीचे गृहस्थ भेटले, शिबिराच्या बसमध्ये आमच्या मागच्या बाकावर होते ते. त्यांना उत्तम दिसत होते. मी विचारले, थेंब किती दिवस टाकले?

"कशाचे थेंब? ते पिवळं कार्ड अन् बाटली त्याच दिवशी बसमधी राह्यली, अन् मी बी मंग नाद सोडला. काहून?"

मी म्हणालो, सहज विचारले. ज्याने कार्ड हरवले त्याचा डोळा राहिला. ज्याने कार्ड पाळले त्याच्या बायकोचा गेला. या वाक्यातून मला गेली पाच वर्षे बाहेर पडता आलेले नाही.

संयोजकांच्या घरीही गेलो. त्यांनी आदराने बसवले. सगळे ऐकून म्हणाले, "काका, वाईट झालं. पण शिबिर मोफत होतं. सेवा होती. फुकटच्या कामाला कुणी तारीख मागतं का?"

"तारीख मी मागितली नव्हती," मी म्हणालो. "ती तुम्ही दिली होती. छापून दिली होती."

"त्या दिवशी हॉल मिळाला नाही."

"मग फाटकावर कागद का लावला नाही? थेंब बंद करा, एवढे चार शब्द का कळवले नाहीत? रुग्णांची नोंदवही कुठे आहे?"

"ती... बघावी लागेल. बहुतेक बसवाल्यांकडे राहिली."

मी म्हणालो, बघा. त्यांनी पाहिली नाही. पुढची पाच वर्षे मी दर वर्षी विचारले.

ती आता घरात हाताने वावरते. टाकी अजून आहे. मासे दुसरे आहेत. तिला मागच्या फिल्टरचा आवाज लागतो, वीज गेली आणि तो थांबला की ती विचारते, "अहो, हायेत ना तुमी?" मी आहे असे सांगतो. स्पंज आणि लोकर मी आजही आळीपाळीने धुतो. पाणी निर्मळ असते. ते पाहायला घरात कोणी नाही, कारण माझे त्याच्याकडे बघण्याचे धैर्य संपले आहे.

या महिन्यात गावातल्या भिंतींवर पुन्हा पत्रके लागली आहेत. तेच मंडळ, तेच मंगल कार्यालय, तेच संयोजक. पुन्हा मोफत नेत्रशिबिर. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात तेच वाक्य आहे: पुढील तपासणी एक महिन्याने, याच ठिकाणी.

म्हणून संयोजक महाशय, हे तुम्हाला उद्देशून. माझ्या वाट्याच्या अपराधाचे उत्तर मी वर दिले आहे. त्यात काही लपवलेले नाही. आता तुमचे द्या. येत्या शिबिराच्या दिवशी, दीप लावण्यापूर्वी, हार घालून घेण्यापूर्वी, उभे राहा आणि सांगा: त्या फेब्रुवारीत तुम्ही का आला नाहीत. त्या दिवशी फाटकाशी येऊन परत गेलेले किती होते. त्यांतल्या किती जणांनी तुमची आज्ञा पाळली आणि किती दिवस पाळली. नोंदवही कुठे आहे. आणि या वर्षी ज्यांना तुम्ही पिवळी कार्डे देणार आहात, त्यांनी तुम्ही न आल्यास काय करायचे.

हे उत्तर मला पत्राने पाठवू नका. मी आयुष्यभर लेखी उत्तरेच मागितली, पण हे उत्तर लेखी चालणार नाही. मी तिला घेऊन येणार आहे, पहिल्या रांगेत बसवणार आहे. तिला कागद वाचता येत नाही. तुम्हाला ते मोठ्याने सांगावे लागेल.